माणसाच्या शिकारीचे सिनेमे : हाका कोण घालतो, हे कोणीच विचारत नाही

नागभीडकर

पैसेवाले लोक एखाद्याला जंगलात सोडतात, थोडा वेळ पळू देतात आणि मग बंदुका घेऊन त्याच्या मागे लागतात. एवढ्याशा गोष्टीवर नव्वदच्या वर वर्षं सिनेमे निघताहेत. आमच्या गावचे पोट्टे धानाच्या जागलीला बसून हिंदीत डब केलेले हेच सिनेमे पाहतात. खाली बांधी तुडवून डुकरं निघून जातात आणि मचाणावर मोबाइलमध्ये हॉलिवूडचा व्हॅन डॅम लाथा मारत असतो. हे सिनेमे टाकाऊ आहेत असं मी म्हणत नाही. पण त्यातले बहुतेक एका जागी लबाडी करतात.

मूळ गोष्ट अमेरिकन लेखक रिचर्ड कॉनेलची, १९२४ सालची. रेन्सफोर्ड नावाचा शिकारी जहाजावरून पडतो आणि पोहत एका बेटाला लागतो. तिथं झारॉफ हा रशियन जनरल राहतो. जनावरं मारून मारून कंटाळलाय. आता त्याला डोकं चालवणारं सावज पाहिजे, म्हणून माणसं. खोटे दिवे लावून जहाजं खडकावर आणायची आणि जे वाचतील त्यांना पळवायचं. एक सुरी, खायला थोडं, तीन तासांची सवड. तीन दिवस टिकला तर सुटला. खेळायचं नाही म्हटलं तर इव्हानच्या ताब्यात. इव्हान म्हणजे जनरलचा धिप्पाड मुका-बहिरा नोकर, पूर्वी झारच्या पदरी चाबूक मारायच्या कामावर होता. त्यामुळे सगळे ‘राजीखुशीनं’ खेळतात.

लोकांना झारॉफ आठवतो. मला हा इव्हान सोडत नाही. माझे आजोबा हाक्याला जायचे. मालगुजाराचा निरोप आला की कामधंदा सोडून जायचं, डबे-ढोल बडवत जंगल उठवायचं, आणि साहेब मचाणावर. मजुरी मिळाली तर मिळाली. वाघ उलटला तर तो मचाणावर चढत नाही, हाक्यावाल्यांच्या रांगेत घुसतो. फोटो मात्र साहेबाचा, बुटाखाली वाघ. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हे सगळं बंद झालं.

म्हणून म्हणतो, शिकार एकट्याची नसते. वाट दाखवणारा, कुत्रे धरणारा, फाटक लावणारा, तोंड बंद ठेवणारा, असे दहा जण लागतात. सिनेमात हिरो मालकाला मारतो आणि संपलं. बाकीचे दहा जण उद्या कोणाकडे कामाला जाणार? कॉनेलच्या गोष्टीत तर शेवटी रेन्सफोर्ड जनरलच्याच पलंगावर झोपतो, आणि म्हणे इतक्या चांगल्या पलंगावर तो कधी झोपलाच नव्हता.

वर्धेकर काका

तुम्ही लाथ पाहायच्या ऐवजी लाथ मारणाऱ्याचा सातबारा काढता. व्हॅन डॅमचा ‘हार्ड टार्गेट’ १९९३चा, दिग्दर्शक जॉन वूचा पहिला अमेरिकन सिनेमा. कबुतरं उडतात, मोटरसायकलवर उभं राहून गोळ्या झाडतात, पाहणारा खूश. एवढ्यासाठीच तो काढलाय. १९३२ साली कॉनेलच्या गोष्टीवर पहिला सिनेमा निघाला, तेव्हा त्याच जंगलाचे सेट ‘किंग काँग’लाही वापरले. म्हणजे धंदा तेव्हाही धंदाच होता.

आणि दलाल दाखवत नाहीत हे धादांत चूक. ‘हार्ड टार्गेट’मध्ये घरदार नसलेल्या माजी सैनिकांना गोळा करून देणारा माणूस आहे. ज्याच्या मागे कोणी नाही असाच पाहिजे, ही अट. तो चुकून मुलगी असलेला माणूस पाठवतो, मुलगी बापाला शोधत येते, तेव्हा शिकारी कात्रीनं त्याचा कान कापतात. तुमचा हाक्यावाला तो हाच ना?

नागभीडकर

काका, कान कापलेला लक्षात आहे. पण त्याचा कान कापला की आपण हसतो. त्याला हे काम का करावं लागलं, यावर सिनेमा एक मिनिट थांबत नाही. माझी तक्रार तीच आहे.

बांधावरचा बाप्पा

राजेहो, हाका-बिका राहू द्या, आधी शिकार तं बरोबर दाखवा. हे सिनेमावाले सावजामागं पयत सुटतात. कोणता शिकारी पयते? उन्हायात तीन दिवस जंगलात टिकाचं म्हणजे पाणी पाह्यजे. झारॉफनं ताडोब्याकडं बेट घेतलं असतं तं पाणवठ्यावर खुर्ची टाकून बसला असता. दुसऱ्या दिवशी रेन्सफोर्ड स्वतःच आला असता, ओंजय भरून पाणी प्याले. गोष्ट तिथंच खतम.

नागभीडकर

बाप्पा, तुमच्या बोलण्यात माझाच मुद्दा आहे. त्या परक्या जनरलला पाणवठा कोण दाखवणार? गावचाच कोणी. पांढरकवड्याच्या टी-१ वाघिणीचं आठवा. १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता तिच्यावर. हत्ती आणले, ट्रॅप कॅमेरे लावले, परफ्यूम शिंपडलं, तेव्हा कुठं २ नोव्हेंबर २०१८ला ती मारली गेली. सिनेमात एक जण दुर्बीण लावतो आणि माणूस सापडतो.

झाडीची लेक

तुम्ही सगळे मचाणावर बसून बोलताय. आमच्याकडे बाया मोहफुलं वेचायला अंधारात निघतात. खाली वाकलेली बाई वाघाला जनावरासारखी दिसते, म्हणून चौघी जणी मिळून जातात, मध्ये मध्ये ओरडतात. कोणाच्या तरी नजरेत सावज असणं म्हणजे काय, हे मला पडद्यावर पाहायची गरज नाही. आणि वाघाला निदान भूक असते.

या सिनेमांतला सगळ्यात चांगला माणूस कोण असतो? मारणारा. झारॉफकडे पुस्तकं, उंची दारू, रीतभात, चांगलं बोलणं. सावजाच्या तोंडी फक्त धापा. मग पोट्टे कोणाची नक्कल करतील? मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावातल्या पोट्ट्यांनी रील काढली. एकाला मोहाच्या झाडांकडे पळायला सांगितलं, आकडे मोजले, मग बाकीचे काठ्यांच्या बंदुका करून मागे. पळणारा कोण निवडला? ज्याच्याकडे मोबाइल नव्हता तो. चिठ्ठी टाकली नाही, कोणी वाद घातला नाही. सगळ्यांना आपोआप माहीत होतं.

वर्धेकर काका

ताई, राग समजतो, पण चोर-शिपाई खेळताना आम्हीही दुबळ्यालाच चोर करायचो. तेव्हा कोणता सिनेमा होता? अमेरिकेत २०१९च्या ऑगस्टमध्ये गोळीबाराच्या घटना झाल्या म्हणून ‘द हंट’ हा माणसाच्या शिकारीचाच सिनेमा पुढे ढकलला. २०२०च्या मार्चमध्ये तोच सिनेमा लागला. थांबवून काय साधलं?

झाडीची लेक

मी बंद करा म्हटलंच नाही, काका. मारणाऱ्याला एवढी चांगली वाक्यं लिहून देऊ नका म्हणते.

बेड्यावरचा

इथं कोणी पारध्यांचं नाव घेतलं नाही, म्हणून लिहितो. फाशानं तितर-लावे धरणारे लोक आमचे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरल्या. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हद्द ओलांडायची नाही. कुठं चोरी झाली की आधी बेड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीवर धाड. तो कायदा १९५२मध्ये गेला, नजर गेली नाही. सिनेमात शिकाऱ्याला बेट घ्यावं लागतं, लपून करावं लागतं. इथं कागद होता, शिक्का होता.

नागभीडकर, तुम्हाला हाक्यावाल्याची दया येते, येऊ द्या. पण धाडीबरोबर बेडा दाखवायला गावचाच माणूस यायचा, आणि तो काही रडत यायचा नाही.

नागभीडकर

हे मान्य. आणि याच जागेवर बोट ठेवणारा एक सिनेमा आहे, ब्राझीलचा ‘बाकुराउ’, २०१९चा, कान चित्रपट महोत्सवात ज्युरी पुरस्कार मिळालेला. कोरडवाहू मुलखातलं एक गाव. पाणी अडवलेलं, टँकरवर भागतं. एक दिवस गाव मोबाइलच्या नकाशावरून गायब होतं, रेंज जाते, टँकर येतो तो गोळ्यांनी भोकं पडलेला. परदेशी लोक माणसं मारायला आलेत. त्यांना मदत करणारे दोघं त्याच देशाचे, दक्षिणेकडचे. मोटरसायकलवर येऊन गाव हेरून जातात. मग टेबलाशी बसून म्हणतात, आम्ही या गावच्यांसारखे नाही, तुमच्यासारखे आहोत. पाहुणे हसतात आणि त्या दोघांना तिथंच गोळ्या घालतात. पुढे गावच एक होऊन शिकाऱ्यांना पुरून उरतं. आणि मतं मागायला येणारा जो पुढारी या धंद्यात सामील असतो, त्याला गाढवावर बसवून रानात हाकलतात.

बांधावरचा बाप्पा

गाढवावर? आता पाहाच लागते.

झाडीची लेक

मी पाहिलाय. चांगला आहे, पाण्याचं तर अगदी आपल्याकडचं वाटतं. पण त्यातले दोघं पैशासाठी आले होते आणि तुमचे आजोबा मालगुजाराच्या धाकानं जात होते. आमच्या पोट्ट्यांना ना पैसा होता, ना धाक. तुमच्या हिशेबात ते कुठं बसतात?

नागभीडकर

बसत नाहीत. त्या मुलाचं पुढं काय झालं?

झाडीची लेक

मास्तरांनी सगळ्यांचे मायबाप बोलावले, रील काढून टाकायला लावली, पोट्ट्यांनी एकामागून एक माफी मागितली. मग मास्तरांनी त्याला विचारलं, तुला काही बोलायचं आहे का? तो म्हणाला, पुढच्या वेळी मी बंदूकवाला.