नवीन आरोग्य-प्रशिक्षण केंद्रात प्रवेश घेताना काय पाहावे?

प्रश्न (पालक, हडपसर):
माझी मुलगी कला शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली असून तिला रुग्णसेवेतच काम करायचे आहे. आमच्या परिसरातील नव्या प्रशिक्षण केंद्राची प्रयोगशाळा, सरावासाठीचे मानवी पुतळे आणि नमुना वॉर्ड पाहून आम्ही प्रभावित झालो. परंतु एवढ्यावर निर्णय घ्यावा का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (परिचारिका, शिवाजीनगर):
पुतळ्यांवरील सरावाला मी कमी लेखणार नाही. हृदय बंद पडलेल्या प्रौढ रुग्णाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायची असते आणि ते वळण हाताला पुतळ्यावरच लागते. मात्र घाबरलेल्या रुग्णाला धीर देत शीर शोधणे वॉर्डातच शिकता येते. म्हणून विद्यार्थिनींना कोणत्या रुग्णालयात पाठवतात, तिथे खाटा किती आहेत आणि रात्रपाळीत शिकवणारे कोणी असते का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारा.

उत्तर (निवृत्त अध्यापिका, कोथरूड):
कला शाखेतून २ वर्षांचा एएनएम (सहायक परिचारिका व प्रसविका) आणि ३ वर्षांचा जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिसेवा) हे दोन्ही अभ्यासक्रम खुले आहेत. ४ वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला मात्र विज्ञान शाखा लागते. काही महिन्यांच्या प्रमाणपत्रावर परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही, हे मुलींना फार उशिरा कळते आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आधी पाहा, इमारत नंतर.

प्रश्नकर्ते:
आभारी आहे. मान्यतेचे पत्र आणि रुग्णालयाचे नाव लेखी मागतो.