चहा पीत घटस्फोट? उसाचं बिल बापाच्या नावावर असलेल्याशी करून दाखवा!

बावडेकरीण
परवा इथं एकानं लिहिलं, शहाणी माणसं मध्यस्थासमोर चहा पीत वेगळी होतात, कोर्टात जातात ते भांडखोर. वर अमेरिकेतल्या कोलॅबरेटिव्ह पद्धतीची, म्हणजे दोन्ही बाजूंचे वकील एकत्र बसून कोर्टाबाहेर मिटवतात त्याची आरती. डोकंच फिरलं.

माझ्या धाकट्या बहिणीच्या घटस्फोटात मध्यस्थी झाली. उसाचं बिल सासऱ्याच्या खात्यावर, दुधाचं सासूच्या, गाडी दिराच्या नावावर. ‘मला उत्पन्नच नाही’ म्हणत तिच्या नवऱ्यानंही चहा ढोसला की! बोलता बोलता एकदा तोंडातून निसटलं, शिरोलीतलं शेड माझंच. पण मध्यस्थीतलं बोलणं गोपनीय, कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. शेवटी पोटगीचा अर्ज टाकला. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या २०२० च्या निकालानं दोघांनाही मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं. बँकेचे उतारे आले आणि शेड उजेडात आलं.

पंचगंगाकाठ
ताई, तुमचा मेहुणा लबाड म्हणून आम्ही सगळे खुळे काय? आमचं मध्यस्थीतच मिटलं. पोरगी कुणाकडं, गणपतीत कुठं, मे महिन्यात कुठं, सगळं बसून लिहिलं. कोर्टातल्या जजसाहेबांना कुठला एवढा वेळ? दीड वर्षाहून जास्त वेगळे राहत होतो, देणंघेणं मिटलेलं, म्हणून २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाच्या आधारे संमतीच्या घटस्फोटात सहा महिने थांबायची अटही माफ झाली.

बावडेकरीण
मिटलं, कारण तुम्ही कागद दाखवलेत. न दाखवणाऱ्याचं काय ते सांगा.

काळा_कोट
मध्यस्थी की कोर्ट, हा वादच चुकीचा. दावा दाखल झाला तरी १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याचं कलम ९ सांगतं, आधी समेटाचा प्रयत्न करा. कोलॅबरेटिव्हमध्ये दोन्ही वकील लिहून देतात की फिसकटलं तर आम्ही बाजूला. आपल्याकडं त्याचा वेगळा कायदा नाही.

राजारामपुरी_७वी_गल्ली
हातातला पक्षकार सोडणारा वकील कोल्हापुरात दाखवा, जेवण माझ्याकडून. तांबडा-पांढऱ्यासकट.

काळा_कोट
टिंगल सोपी असते. आता कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय, अपिलाला मुंबई गाठायला नको, हे बघा की.

सीपीआर_त्रस्त
बेंचचं नाव काढलंत म्हणून बोलतो. १८ ऑगस्ट २०२५ ला काम सुरू झालं, तेव्हापासून समोरच्या सीपीआर दवाखान्यात पेशंट न्यायचा म्हणजे गाडी लावायची कुठं? आमचे वडील रिक्षातच बसून राहिले होते.

काळा_कोट
चाळीस वर्षांच्यावर लढा दिला त्यासाठी! महालक्ष्मी एक्सप्रेसनं तारखेला जाऊन ‘पुढची तारीख’ ऐकून परत येणाऱ्या बायका बघितल्यात का कधी?

सीपीआर_त्रस्त
लढा तुमचा, चालायचं आम्ही. भारी आहे.

मिरजकर
बेंच सहा जिल्ह्यांचं आहे, नुसतं तुमचं नाही. आम्ही पण तिथंच गाडी लावणार.

सीपीआर_त्रस्त
लावा की, माझ्या डोक्यावर लावा.

बावडेकरीण
माझ्या धाग्यावर पार्किंग काढा आधी! शाहू महाराजांनी १९१९ ला काडीमोडीचा कायदा केला, आणि त्याच गावात आपण चर्चा कशाची करतोय, तर गाड्यांची.

पंचगंगाकाठ
बरं, ज्याचं बिल बापाच्या नावावर त्याला थेट कोर्टात खेचा. उरलेल्यांना तरी चहा पिऊ द्या. झालं समाधान?

बावडेकरीण
निम्मं. ‘भांडखोर’ लिहिणारा अजून गप्पच आहे.

नवीन_सदस्य
भांडण थांबवून एक सांगा. मैत्रिणीला नवरा मारतो. सासरचे म्हणतात, मध्यस्थाकडं बसू. बसावं का?

काळा_कोट
आधी नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा आदेश मागा. फीची काळजी नको, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. जखमांचे कागद असतील तर ते माहेरी ठेवायला सांगा.

पंचगंगाकाठ
इथं मी वकीलसाहेबांच्या बाजूनं. आज पहिल्यांदाच.