मदत हवी आहे: बाबांसाठी हेलिऑक्स, इंदूर

नमस्कार. आम्ही रामबागेत राहतो. बाबा ६८ वर्षांचे. दोन महिन्यांपूर्वी न्यूमोनिया झाला तेव्हा १८ दिवस व्हेंटिलेटरवर होते. घरी आले, हिंडूफिरू लागले आणि गेल्या आठवड्यापासून श्वास आत घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. आम्हाला दमा वाटला, पंप दिला, काही फरक नाही. तीन-चार शब्द बोलले की थांबतात, मानेच्या शिरा ताठ होतात. सीटी स्कॅनमध्ये कळलं, नळी होती त्या जागी श्वासनलिका आकसली आहे.

आता आयसीयूत आहेत. शुक्रवारी दुर्बिणीतून फुगा घालून वाट रुंद करणार. तोवर हेलिऑक्स म्हणजे हेलियम-ऑक्सिजनचं मिश्रण मिळालं तर श्वासाचे कष्ट कमी होतील असं डॉक्टर म्हणाले, पण त्यांच्याकडे ते नाही. धाकटा भाऊ फुगेवाल्याकडून हेलियमचं सिलिंडर आणायला निघाला आहे. मला धीर होत नाही. आणू द्यावं का?

प्रतिसाद (बडोदा, भूलतज्ज्ञ):
ताई, भावाला आधी थांबवा. फुग्याच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, नुसता हेलियम ओढला तर माणूस काही श्वासांत बेशुद्ध पडतो. दवाखान्यासाठीचा हेलिऑक्स आधीच मिसळून येतो, ८०:२० (८० टक्के हेलियम, २० टक्के ऑक्सिजन) किंवा ७०:३०.

अरुंद जागेतून हवा जाताना तिच्यात भोवरे होतात, आणि मग हवा जितकी जड तितका जोर जास्त लागतो. ८०:२० मिश्रणाची घनता हवेच्या साधारण एक-तृतीयांश असते, म्हणून छातीवरचा ताण उतरतो. १९३० च्या दशकात अमेरिकेत डॉ. बराक यांनी हा उपयोग सुरू केला. आकसलेली नलिका मात्र याने उघडत नाही, फक्त वेळ मिळतो.

बाबांना ऑक्सिजन किती लागतोय? ४० टक्क्यांच्या वर लागत असेल तर उपयोग फारसा नाही, कारण ऑक्सिजन वाढवला की मिश्रण पुन्हा जड होतं. मास्क घट्ट बसणारा, पिशवीवाला हवा. ऑक्सिजनच्या फ्लोमीटरवर १० दिसले तर ८०:२० चा प्रवाह प्रत्यक्षात १८ लिटर असतो, सिस्टरना हे माहीत असू द्या. बाबांचा बोलण्याचा आवाज बारीक होईल, घाबरू नका.

आणि मॉनिटरवर रक्तातला ऑक्सिजन ९७ दिसतोय म्हणून निर्धास्त राहू नका, या आजारात तो आकडा उशिरा पडतो. बाबा झापडल्यासारखे वाटले, शिट्टीचा आवाज एकाएकी मंदावला, तर तत्क्षणी डॉक्टरांना बोलवा. गॅससाठी शुक्रवारपर्यंत थांबायचं की प्रक्रियाच अलीकडे घ्यायची, हे आज विचारा. अॅड्रेनलिनचं नेब्युलायझेशन (औषध वाफेसारखं करून श्वासातून देणं) चालू आहे का, तेही.

धागाकर्ती:
विचारून आले. नाकातल्या नळीने २ लिटर चालू आहे, नेब्युलायझेशनही. गॅसवाल्यांकडे वैद्यकीय मिश्रणाची चौकशी डॉक्टर स्वतः करताहेत, पण त्याची वाट न बघता उद्या सकाळी ८ वाजता बाबांना आत घेणार आहेत. भाऊ सिलिंडर न घेता परत आला, आता बाबांच्या पायाशी बसलाय.