मे महिन्यातलं लग्न, पत्र्याची खोली: काय काय ठरवून घ्यावं?

कुडाळची_मेकअपवाली:
मालवणजवळ मे महिन्यात लग्न आहे. मुहूर्त 11.40 चा. नवरी आणि घरातल्या सहा बायका. तयारीला हॉलमागची पत्र्याची खोली, पंखा एकच. लेखी काय घ्यावं? आणि सिनेमावाल्यांच्या संघटनेचं कार्ड लागतं म्हणतात, खरं का?

रत्नांग्रीकर:
मुहूर्तावरून नको, गौरीहरावरून उलटं मोजा. नवरी 10.45 ला तिथे बसणार, म्हणजे 10.30 ला तुमच्या हातून सुटायला हवी. मेकअप दीड तास, केस पाऊण, साडी-दागिने पाऊण. सुरुवात 7.30 ला. अष्टपुत्री साडी बदलून शालू नेसायचा असेल तर तो वेळ वेगळा. सहा बायकांना अर्ध्या तासाने तीन तास, तेव्हा मदतनीस हवीच, तिचे पैसे वेगळे लावा. घोळ होतो तो "आत्याला पण जरा लाव गो" इथे. सातव्या बाईचा दर आधीच लिहा.
कार्ड लग्नाला लागत नाही. सिनेमात तर बायकांना मेकअपचं कार्डच देत नसत. सुप्रीम कोर्टाने 10 नोव्हेंबर 2014 ला ती बंदी रद्द केली.

सागरवेळ:
पत्र्याची खोली नाकाराच, माजघर मागा. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि ओल्या घामावर पावडर मारली की गोळे होतात. आधी टिश्यूने टिपा (पुसू नका), मग पावडर. मुंडावळ्यांच्या दोरीखाली बेस अगदी पातळ ठेवा, नाहीतर दोरी सरकली की पट्टा निघतो. लाजाहोमाच्या धुरासाठी मस्कारा वॉटरप्रूफ, तोही फक्त वरच्या पापणीला. लिपस्टिकी गाडीत ठेवू नका, वितळतात.
सात चेहरे म्हणजे मस्काऱ्याच्या कांड्याही सात. ब्रश पुसायला 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. 99 वालं भुर्रकन उडतं, जंतू मरायला ओल थोडी टिकावी लागते. डोळे आलेल्या बाईला सरळ नाही म्हणा.

कुडाळची_मेकअपवाली:
आणि पैसे?

रत्नांग्रीकर:
अर्धे तारीख धरताना, उरलेले नवरी गौरीहराला जायच्या आत. जेवणावळ सुरू झाली की पैसे देणारा माणूस सापडत नाही. उंच खुर्ची लिहून घ्या, प्लास्टिकच्या खुर्चीपुढे वाकून कंबर जाते. आणि 9 ची न्याहारीसुद्धा लिहा.

सागरवेळ:
न्याहारी खराच लिवा, उपाशी पोटान लायनर मारताना हात थरथरता. एक प्लग इन्व्हर्टरवरचा मागा. वळीव आला की लाइट जाते, मेकअप फवारायच्या एअरब्रशचा कंप्रेसर तिथेच बंद.