आरपीजी खेळायचा तर हँडहेल्डवरच, टीव्हीवाल्यांनी भांडायला यावं

सेव्हपॉइंट

बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहून टाकतो. आरपीजी (एखादं पात्र होऊन लांबलचक गोष्ट खेळायचा व्हिडिओ गेम), त्यातही टर्न-बेस्ड, म्हणजे पाळीपाळीने वार करायचा, हा हँडहेल्डवरच, म्हणजे हातात धरायच्या कन्सोलवरच, खेळायचा प्रकार आहे. टीव्हीवर खेळता येतो, नाही असं नाही, पण ते म्हणजे जाडजूड कादंबरी उभ्याने वाचण्यासारखं आहे.

बघा ना, साठ-सत्तर तासांच्या गेममधे खरोखर "घडतं" असं किती असतं? बाकीचा वेळ आपण दुकानात शिरून नवी तलवार जुनीपेक्षा चार आकड्यांनी बरी आहे का ते बघतो, हीलरचा (बाकीच्यांना बरं करणाऱ्या पात्राचा) एमपी, म्हणजे मंत्रशक्ती, संपत आला म्हणून परत गावात येतो, पार्टीतल्या, म्हणजे आपल्या टोळीतल्या, कोणाला बाकावर बसवायचं यावर डोकं खाजवतो, आणि हे सगळं मला मनापासून आवडतं बरं का, पण हे वीस-वीस मिनिटांत करायचं काम आहे, त्यासाठी अख्खी खोली अडवून बसायची गरज नाही.

आणि स्लीप मोड! सोनीचा पीएसपी हा हँडहेल्ड आला २००४ साली, त्याच्या उजव्या कडेला पॉवरची ती छोटी सरकपट्टी होती, वर सरकवली की लढाई जिथल्या तिथे गोठली, बॉस हात उगारलेल्या अवस्थेत उभा. निन्टेन्डोच्या दोन स्क्रीनवाल्या डीएसचं तर नुसतं झाकण मिटायचं. आरपीजी खेळणाऱ्या माणसासाठी त्यानंतर एवढा कामाचा शोध लागलेला नाही असं माझं मत.

इतिहासही माझ्याच बाजूने आहे. पोकेमॉन १९९६ मधे जपानमधे आला तेव्हा गेम बॉय सात वर्षं जुना झाला होता, चार छटांचा स्क्रीन, तरी चालला, कारण दोन आवृत्त्यांत वेगवेगळे पोकेमॉन ठेवले होते आणि केबल जोडून दुसऱ्याशी अदलाबदल केल्याशिवाय संग्रह पुराच होत नव्हता. ते टीव्हीखालच्या डब्यावर कसं करणार होतात? ड्रॅगन क्वेस्टचा नववा भाग, मुख्य मालिकेतला, २००९ मधे थेट डीएसवर काढला. माणसं खिशात कन्सोल ठेवून एकमेकांजवळून जायची आणि खजिन्याचे नकाशे आपोआप इकडून तिकडे जायचे. त्यातल्या एका नकाशात एक मजला असा होता की तिथे मेटल किंग स्लाइम सोडून दुसरं काही भेटतच नाही, म्हणजे लेव्हल वाढवणाऱ्या एक्स्पीरियन्स पॉइंटचा नुसता पाऊस. तो नकाशा कंपनीने कुठे छापला नव्हता, तो माणसांमाणसांतून जपानभर पसरला.

या आता.

---

मोठा_पडदा

आलो. साफ असहमत.

तुम्ही आरपीजीमधलं किरकोळ काम मोजलंत आणि म्हणालात बघा हे हँडहेल्डला शोभतं. अहो पण ज्यासाठी ते सगळं करायचं त्याचं काय? फायनल फँटसी सातची सुरुवात आठवा, गल्लीतल्या त्या मुलीच्या चेहऱ्यापासून कॅमेरा वर वर जात अख्खं शहर दिसतं आणि परत खाली येऊन धावत्या ट्रेनवर पोचतो. १९९७ साली ते बघून लोक गार पडले होते. ते मी तळहाताएवढ्या काचेवर, कुणीतरी हाक मारतंय म्हणून मधेच झाकण मिटून बघू?

आणि पोर्ट, म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्यावर आणलेल्या आवृत्त्या, काय दर्जाचे येतात ते बोलायचंच नाही वाटतं. विचर ३ निन्टेन्डोच्या स्विचवर (टीव्हीला लावा नाहीतर हातात धरा) आला २०१९ मधे. ३२ जीबीच्या कार्डात सगळं कोंबलं, कारागिरी म्हणून सलाम आहे, पण हातात धरून खेळताना रिझोल्यूशन ५४०पीच्या आसपास, लांबची झाडं म्हणजे हिरवा चिखल. झेनोब्लेड २ तर स्विचसाठीच बनवलेला गेम, तोही हँडहेल्ड मोडमधे इतका धूसर होतो की चष्मा पुसावासा वाटतो. फायनल फँटसी टॅक्टिक्सची पीएसपीवरची आवृत्ती, २००७ ची, भाषांतर अप्रतिम, पण प्रत्येक मंत्र टाकताना गेम दम लागल्यासारखा मंदावतो. जे खेळ हँडहेल्डवर "घरी आले" म्हणता ते असे लंगडत आलेत.

संगीताचं तर नावच नको. आरपीजीतलं निम्मं रडू उएमात्सु नाहीतर मित्सुदा या संगीतकारांमुळे येतं आणि तुम्ही ते शेंगदाण्याएवढ्या स्पीकरवर ऐकणार.

---

स्लाइमप्रेमी

हेडफोन नावाची वस्तू असते.

---

मोठा_पडदा

असते. आणि ती लावली की तुमची ती कुणाचीही हाक आली तरी चालणारी वीस मिनिटं संपली. दोन्ही एकदम कसं चालेल?

---

हीलर_कायम_मीच

दोघेही स्क्रीनवरून भांडताय, मला वाटतं मुद्दा स्क्रीनचा नाहीच, मुद्दा गेम तुमच्या वेळेची किंमत ठेवतो का हा आहे. स्लीप मोड म्हणजे मलमपट्टी आहे, बॅटरी मेली की गेलं ना सगळं. ज्या गेममधे अंधारकोठडीत दोन तास उतरल्याशिवाय सेव्ह करता येत नाही तो हँडहेल्डवर आणला म्हणून हँडहेल्डचा होत नाही.

उलट ब्रेव्हली डिफॉल्ट बघा, डीएसनंतरच्या थ्रीडीएसवरचा. त्याची जी आवृत्ती इंग्रजीत आली तिच्यात शत्रू किती वेळा आडवे यावेत हे खेळणाऱ्यानेच ठरवायचं, पार शून्यापासून दुपटीपर्यंत. लढाईचा वेगही वाढवता येतो. घाईत असाल तर शून्यावर ठेवून सरळ गोष्ट पुढे न्या, निवांत असाल तर दुप्पट करून लेव्हल वाढवा. हे खरं हँडहेल्डचं डिझाइन. नंतर टीव्हीवरच्या कित्येक जुन्या आरपीजींच्या नव्या आवृत्त्यांनी फास्ट फॉरवर्ड नि एन्काउंटर (शत्रू आडवे येणं) बंद करायची सोय दिली ती काय उगाच?

---

चौथी_डिस्क

हीलरभाऊ, तुम्ही नकळत माझीच केस लढवलीत.

शत्रू शून्यावर आणायची पट्टी द्यावी लागते याचा अर्थ काय? याचा अर्थ लढाई कंटाळवाणी आहे हे बनवणाऱ्यालाच ठाऊक आहे. आणि त्याच ब्रेव्हली डिफॉल्टचा उत्तरार्ध आठवा, तेच जग, तेच क्रिस्टल, तेच बॉस, परत, परत, परत. टीव्हीसमोर बसून कुणी हे सहन केलं नसतं. हँडहेल्डवर खपून गेलं, कारण अर्धं लक्ष समोर चाललेल्या मॅचमधे आणि अंगठा ए बटणावर.

माझा खरा आक्षेप हा आहे. हँडहेल्डने आपल्याला वाईट आरपीजी सहन करायची सवय लावली. "प्रवासात खेळायला बरा आहे" हे वाक्य रिव्ह्यूमधे आलं की समजायचं गेममधे पंधरा तासांचा मालमसाला चाळीस तासांवर ताणलाय. क्रोनो ट्रिगर १९९५ चा, सुपर फॅमिकॉम या टीव्हीच्या कन्सोलवरचा, वीस-पंचवीस तासांत आटोपतो, शत्रू नकाशावर डोळ्यांना दिसतात, एक खोली फुकट नाही. टीव्हीसमोर बसलेल्या माणसाचा वेळ वाया घालवायचा नाही ही शिस्त होती तेव्हा.

---

सेव्हपॉइंट

चौथी डिस्क, थांबा जरा, हे काही पटलं नाही. ग्राइंडिंग, म्हणजे लेव्हल वाढवायला तेच तेच शत्रू मारत बसणं, हँडहेल्डने आणलं? पहिला ड्रॅगन क्वेस्ट १९८६ चा, फॅमिकॉमवर, म्हणजे टीव्हीवर, गेम बॉय जन्मायच्या तीन वर्षं आधी. त्यात काय करायचे लोक? गावाबाहेर गोल गोल फिरून स्लाइम मारायचे, पुरेसं सोनं जमलं की एक ढाल घ्यायची, परत गोल गोल. रँडम एन्काउंटर, ताणलेले तास, सगळं टीव्हीवरच वाढलंय. क्रोनो ट्रिगर अपवाद होता म्हणून तर तीस वर्षं झाली तरी उदाहरण म्हणून तोच काढावा लागतो तुम्हाला. आणि त्याचा २००८ चा डीएस पोर्ट? मेनू सगळे खालच्या स्क्रीनवर गेले, वर चित्र मोकळं, माझ्या मते मूळ गेमपेक्षा खेळायला सरस.

अर्धं लक्ष मॅचमधे असतं हा आरोप मान्य, पण तो माणसावर आहे, कन्सोलवर नाही. सोफ्यावर बसून कटसीन (गोष्टीची चित्रफीत) चालू असताना मोबाइल बघणारे मी पाहिलेत.

---

नकाशेवाली

इतका वेळ वाचतेय पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही. सगळे "टीव्हीवरचा गेम छोट्या स्क्रीनवर" असंच धरून चाललेत. काही आरपीजी असे आहेत की मोठ्या पडद्यावर त्यांचा प्राणच जातो.

एट्रियन ओडिसी, २००७, डीएस. वरच्या स्क्रीनवर चक्रव्यूह, खालच्या स्क्रीनवर कोरा चौकटींचा कागद. नकाशा गेम देत नाही, तो तुम्ही स्टायलसने काढायचा. इथे भिंत, इथे दार, इथे तो भयंकर एफओई (नकाशावर फिरणारा तगडा शत्रू) फिरतो त्याची वाट, एक रेघ चुकली तर परतीचा रस्ता चुकणार आणि पार्टीत औषध संपलेलं असणार. पंधराव्या मजल्यावर पोचल्यावर मागचे नकाशे उघडून बघितले की आपलंच अक्षर ओळखावं तसं वाटतं, सुरुवातीचे नकाशे घाबरत काढलेले, प्रत्येक चौकटीत खूण, नंतरचे बेफिकीर. ही आहे भूमिका जगणं, कुणाचं पात्र किती बडबड करतं ते नाही.

२०२३ मधे पहिले तीन भाग नव्याने आले, स्विच आणि पीसीवर. नकाशा एकाच स्क्रीनच्या कोपऱ्यात. खेळता येतं, वाईट नाही, पण दोन स्क्रीनमधली ती नजरेची ये-जा गेली. द वर्ल्ड एंड्स विथ यू चंही तेच, मूळ डीएसवर दोन स्क्रीनवर दोन लढाया एकाच वेळी चालायच्या, हातांची त्रेधातिरपीट उडायची आणि तीच गोष्टीची गंमत होती, दोन अनोळखी जिवांनी एकमेकांचा ताल पकडायचा. स्विचवर एका स्क्रीनवर आणलं, ताल गेला.

तेव्हा मोठा पडदा साहेब, पोर्ट उलट्या दिशेनेही लंगडतात.

---

मोठा_पडदा

नकाशेवाली ताई, हा मुद्दा मात्र वजनदार आहे. पण मग तुमचं भांडण माझ्याशी नाही, धागाकर्त्याशी आहे. डीएस नि थ्रीडीएस संपले, दोन स्क्रीन संपले. आज ज्याला हँडहेल्ड म्हणतात तो एक छोटा टीव्हीच आहे, त्याला मुठी लावल्यात एवढंच. मग त्यावर खेळण्यात वेगळं ते काय राहिलं?

---

डेकवाला

वेगळं हे राहिलं की आता मोठे पीसी आरपीजीही हातात आले. स्टीम डेक हा पीसी गेमचा हँडहेल्ड आल्यापासून, म्हणजे २०२२ पासून, माझा न खेळलेल्या गेमचा बॅकलॉग हलायला लागलाय. आत लिनक्स आहे, प्रोटॉनमुळे विंडोजचे गेम चालतात, सेव्ह क्लाउडवर, म्हणजे टेबलावर पीसीवर सुरू करा, अंथरुणात पुढे न्या. टीव्ही विरुद्ध हँडहेल्ड हे भांडणच जुनं झालंय.

तक्रारी आहेत, लपवत नाही. पहिल्या मॉडेलची बॅटरी ४० वॅट-अवरची, जड गेम लावला की दोन तासांत मान टाकते आणि पंखा घरघरायला लागतो. बाल्डर्स गेट ३ पहिल्या अंकात बरा चालला, तिसऱ्या अंकात शहरात शिरलो आणि फ्रेमरेट गडगडला. पीसीसाठी बनवलेल्या गेमची अक्षरं ८०० ओळींच्या स्क्रीनवर मुंगीएवढी, डिस्को एलिझियमसारखा जवळपास सगळा संवादांवर चालणारा, लढाईचा वेगळा प्रकारच नसलेला गेम असेल तर आधी सेटिंगमधे जाऊन अक्षर मोठं करा. शिवाय वजन ६७० ग्रॅमच्या आसपास. पाठीवर झोपून खेळताना डुलकी लागली तर थेट नाकावर (अनुभवाचे बोल, हलकेच घ्या).

---

स्लाइमप्रेमी

गेम बॉय ॲडव्हान्स एसपी, १४३ ग्रॅम, मिटला की शर्टाच्या खिशात. पुढे बोला.

---

चौथी_डिस्क

@स्लाइमप्रेमी, एसपी २००३ चा. त्याच्या आधीच्या ॲडव्हान्सला स्क्रीनमागे दिवाच नव्हता, टेबललॅम्पखाली मान वाकडी करून, काच बरोब्बर त्या एका कोनात धरून खेळायचो ते विसरलात? गोल्डन सनमधली गुहा आहे की कन्सोल बंद पडलाय तेच कळायचं नाही.

(अवांतर: त्याच गोल्डन सनच्या पहिल्या भागातली पार्टी दुसऱ्या भागात न्यायला केबल नसेल तर पासवर्ड लागायचा, आणि सगळं सामानसुमान न्यायचं असेल तर तो २६० अक्षरांचा. वहीत उतरवून परत एकेक अक्षर बटणाने भरायचं. त्या काळच्या हँडहेल्डवाल्यांच्या चिकाटीला मात्र माझा दंडवत.)

---

कार्ट्रिज_जपणारा

तुमचं चालू द्या, फक्त एक आठवण. पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरच्या कार्ट्रिजमधे सेव्ह टिकवायला बटण सेल आहे, गेममधलं घड्याळही त्यावरच चालतं, त्यामुळे आधीच्या भागापेक्षा तो लवकर संपतो. सेल मेला की तुमची लेव्हल शंभरची पार्टी गेली. डाग देऊन नवा बसवता येतो, पण आतलं सेव्ह आधी दुसरीकडे उतरवून घ्या. आणि थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मधे बंद झालं, जे फक्त डाउनलोडवर होतं ते आता नव्याने विकत घेता येत नाही. स्विच २ च्या काही गेमच्या कार्डांत तर गेमच नसतो, नुसती किल्ली असते, गेम डाउनलोड करायचा. पडदा छोटा का मोठा यावर भांडताय, वीस वर्षांनी खेळायला काय उरेल ते बघा.

---

हीलर_कायम_मीच

+१. आमचा एक जुना सेव्ह असाच गेलाय, आत पार्टीला दिलेली नावंसुद्धा आठवत नाहीत आता.

---

सेव्हपॉइंट

मोठा पडदा, "छोटा टीव्ही" हा तुमचा टोला लागला हे खरं, पण पूर्ण नाही. स्क्रीन एक झाला तरी तो माझ्यापासून हातभर अंतरावर आहे, आवाज माझ्यापुरता आहे, आणि आरपीजीत मी जे करतो, म्हणजे विचार करत मेनूत भटकणं, ते कुणाच्या देखत करायला मला आवडत नाही. टीव्हीवर मी दहा मिनिटं नुसता इन्व्हेंटरी लावत बसलो की मागून प्रश्न येतो, "हा गेम सुरू कधी होणार?"

ड्रॅगन क्वेस्ट ११ ची स्विचवरची आवृत्ती घ्या. त्यात अख्खा गेम २डी मधेही खेळता येतो, सोळा-बिट काळासारखा. माझा तो सगळा हातात धरून २डी मधे चाललाय, लढाया चटचट उरकतात आणि रिझोल्यूशनचं तुमचं रडगाणं तिथे लागूच होत नाही.

---

मोठा_पडदा

मग मधेच ३डी करून बघा ना एकदा, टीव्हीला लावून. समुद्रावर जहाज निघतं तो भाग.

---

सेव्हपॉइंट

मोड बदलला की त्या टप्प्याच्या सुरुवातीपासून परत खेळायला लावतो तो गेम, माहितीये ना? आत्ता बॉसच्या दारात उभा आहे मी. आधी याला आडवा करतो, मग बघू तुमचं जहाज.