बांगड्यांच्या काचांचं तोरण, साडीचे पडदे आणि पत्र्याचा सोफा : पैसे नसताना घर कसं सजवलंत?

पोटमाळा

आमची डोंबिवलीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय. पुढच्या रविवारपर्यंत घर रिकामं करायचंय. काल माळ्यावरून पत्र्याची ट्रंक खाली ओढली. अर्ध्याहून जास्त सामान भंगारवाल्यासाठी बाजूला काढून झालं, तर तळाला जुन्या परकरात गुंडाळलेलं बांगड्यांच्या काचांचं तोरण. आईनं केलेलं. मी विसरूनच गेले होते. तिथेच फतकल मारून बसले, नवरा खालून ओरडतोय टेम्पोवाल्याचा फोन आलाय म्हणून.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. वाढलेली बांगडी आमच्याकडे केरात जात नसे, बोर्नव्हिटाच्या डब्यात जाई. शेजारपाजारच्याही आणून देत. कोपऱ्यावरचा कासार मूठभर तुकडे फुकट द्यायचा. दुपारी सगळं आवरलं की आई मेणबत्ती लावून बसायची. तुकडा चिमट्यात धरायचा, मध्यावर ज्योत द्यायची, काच लाल होऊन मऊ पडली की दोन्ही टोकं अलगद एकमेकांकडे वाकवायची. कडी तयार. दुसरा तुकडा तिच्यात ओवायचा आणि तोही वाकवायचा. अशा साखळ्या. हिरव्याला हिरवा, मध्येच एक लाल. पंखा लावायचा नाही, कारण ज्योत हलते. मे महिन्यात! तिच्या उजव्या अंगठ्याला कायम एक छोटासा फोड असायचा.

खोली दहा बाय बाराची. ट्रंकेवर गादी, गादीवर आईनं भरलेली चादर, झाला सोफा. पाहुणे बसले की हमखास ट्रंकेतलंच काहीतरी लागायचं. "काका, जरा उठता का, चहाचे चांगले कप आत आहेत."

तुमच्याकडे काय काय होतं? आत्ता काय करता तेही लिहा. मी पॅकिंगमधून वेळ मिळेल तशी वाचते.

तुरटी

आमच्याकडे लग्नपत्रिकांचा पडदा!! स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये. पत्रिकेच्या लांबट त्रिकोणी पट्ट्या कापायच्या, जेमक्लिपवर गुंडाळायच्या, टोकाला फेविकॉल. क्लिपात क्लिप अडकवत सर. आम्ही तिघी बहिणी आणि शेजारची एक, दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या पुरल्या. जाड पत्रिका सगळ्यात भारी, चमक टिकते. जेवताना मी पडद्यावरची अक्षरं वाचत बसायची, "...यांचे ज्येष्ठ चिरंजीव" एका मण्यावर आणि "...आहेराचा स्वीकार" दुसऱ्या. कुठल्यातरी आत्याला तिच्या मुलीची पत्रिका ओळखू आली होती आणि ती जाम चिडली होती.

कोकणकडा

फोटो टाका ना तोरणाचा

पोटमाळा

टाकते. खोक्यात गेलंय, कुठल्या ते शोधावं लागेल.

सुतळीबॉम्ब

मी उत्साहात मंडईतून आंब्याची लाकडी खोकी आणून पुस्तकांची मांडणी केली होती. सगळे म्हणाले वा वा. एका खोक्याला नव्वद रुपये, पॉलिश पेपर, वर टीक पॉलिशचा एक हात. तीन आठवड्यांनी ढेकूण. गादीत, सोफ्यात, माझ्या ऑफिसच्या बॅगेत. पेस्ट कंट्रोलचं बिल मांडणीच्या दहापट. आता कुठलंही जुनं लाकूड आणलं की आधी उन्हात, मग फटीफटीत औषध, मग आठ दिवस गच्चीवर नजरकैदेत.

हिरवी_चटणी

ढेकणांना रॉकेल. आमची आजी खाटेच्या सांध्यांत ओतायची.

सुतळीबॉम्ब

आजींना रेशनवर मिळायचं हो, मी कुठून आणू.

राईन_काठची

मी जर्मनीत. इथे भाड्याचं घर बरेचदा अगदी रिकामं मिळतं. म्हणजे खरंच रिकामं, छताला दिवा नाही, नुसत्या वायरी लोंबतात, कधीकधी स्वयंपाकाचा ओटासुद्धा नाही, आधीचा भाडेकरू उचलून घेऊन गेलेला. पहिला महिना आम्ही टेबल लॅम्पवर काढला. पण इथे श्पेरम्युल नावाचा प्रकार आहे, मोठं नको असलेलं सामान ठरलेल्या दिवशी लोक रस्त्यावर काढून ठेवतात. आमची डायनिंगची चारही खुर्च्यांची मंडळी तिथलीच, चौघी चार घरच्या. मग मी आईनं दिलेल्या इरकलीच्या काठांच्या बैठका शिवल्या, चौघी एका कुटुंबातल्या दिसायला लागल्या. शेजारीण विचारते कुठल्या दुकानातून घेतल्या. सांगितलं, इंडिया. अर्धं खरं आहेच.

(बाळ उठलं, बाकी नंतर)

नथ_आणि_नट

साडी कापण्यावरून आमच्याकडे महाभारत झालंय. सासूबाईंच्या कपाटात चाळीस साड्या, नेसत नाहीत, देतही नाहीत. त्यांनाच विचारून एक सुती साडी घेतली. सहावारीत दाराचे दोन पडदे आरामात होतात, सात-सात फुटांचे, वरून उशीच्या अभ्र्याएवढं कापड उरतं. पदर खाली येईल असा शिवला. सुंदर दिसत होता. संध्याकाळी आत्याबाई आल्या, पडद्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, ही तुमची मंगळागौरीची ना?" झालं. सासूबाई आठवडाभर त्या दारातून ये-जा करताना पडदा बाजूला सारायच्या नाहीत, वाकून खालून जायच्या.

आता मात्र कोणी आलं की त्याच स्वतः सांगतात, ही माझी मंगळागौरीची.

तुरटी

वाकून खालून!!! मेले मी हसून

बोहरी_आळी

पैठणी किंवा जरीची जुनी साडी कृपया कापू नका. जुनं रेशीम घडीवर विरतं, पडदा केला तर उन्हानं वर्षभरात चिरफळ्या होतात. सुतीच घ्या. आणि उन्हाच्या खिडकीला अस्तर लावा. रेशमाचा धड राहिलेला तुकडा असेल तर काचेखाली फ्रेम करा, तीही सावलीतल्या भिंतीवर.

गच्चीवरचा

चुन्याबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही. दिवाळीआधी पिंपात कळीचा चुना भिजवायचा, तो रटरटतो, आम्हाला लांब उभं करायचे. मग गाळायचा, नीळ घालायची म्हणजे पांढरा उजळ दिसतो. आणि डिंक किंवा खळ, नाहीतर भिंतीला टेकलेल्या माणसाची पाठ पांढरी. आमच्या वडिलांनी एक वर्ष डिंक वाचवला. त्या वर्षी घरी कोण कोण येऊन गेलं ते गल्लीत पाठीवरून कळायचं. खालचा तीन फुटांचा पट्टा गेरूचा, कारण आम्ही मुलं. त्या लालवर मोठी ताई दिवाळीत पांढऱ्यानं पानं-फुलं काढायची, माचिसच्या काडीला कापूस गुंडाळून.

प्लास्टिक पेंटच्या भिंतीवर ती मजा नाही, पण घरी कोणाला परत चुना लावायची तयारी पण नाही, मी विचारून पाहिलं.

पिवळा_डांबिस

चुना लावायची तयारी आमच्या काँट्रॅक्टरची आहे.

कोकणकडा

हाहाहा

वारूळ

भाड्याच्या घराच्या भिंतीवर वारली चित्र. सांगू की नको. हॉलची एक भिंत पूर्ण गेरू रंगाची करून त्यावर पांढऱ्या अॅक्रिलिकनं काढलं. मूळ वारली शेणानं सारवून गेरू दिलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठानं, बांबूची काडी चावून केलेल्या ब्रशनं असते, लग्नाचा चौक काढायचा मान सवाष्णींचा. माझ्या आसपास सवाष्ण मीच. तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं, एकूण त्रेसष्ट माणसं, दोन त्रिकोण आणि एक गोल म्हणता म्हणता मान मोडली. येणारे जाणारे फोटो काढून न्यायचे.

घर सोडताना मालक आले. भिंतीकडे बघत दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मला वाटलं आवडली. डिपॉझिटमधून अकरा हजार कापले, लाल रंग झाकायला तीन हात लागतात म्हणे. वर निघताना म्हणतात, "ताई, तेवढा फोटो पाठवा मला."

आता नव्या घरात प्लायवर काढलंय. चार बाय तीनचा तुकडा, भिंतीला नुसता टेकवून ठेवलेला. घर बदललं की काखोटीला मारायचा.

बोहरी_आळी

प्लायला आधी प्रायमर मारला का? नाहीतर गेरू दोन पावसाळ्यांत डागाळतो.

वारूळ

नव्हता मारला. डागाळलाय. नाचणाऱ्यांमध्ये एक ढग आलाय.

गोधडीवाली_नात

मला फक्त गोधडी शिवून देणाऱ्या बाई हव्यात, पुण्यात. आजीची नऊवारी लुगडी आहेत सहा. मशीनवर नको, हातानं.

भाकरतुकडा

गोधडी नाही हो, वाकळ म्हणा. आमच्या सांगलीकडं वाकळच.

गोधडीवाली_नात

बरं वाकळ शिवणाऱ्या बाई कुणाला माहितीयेत का :)

भाकरतुकडा

स्वतः करा की. जमिनीवर लुगडं ताणून पसरायचं, चार कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, डबा काय मिळेल ते ठेवायचं. मधे जुन्या धोतरांचे, चादरींचे थर, सुरकुती राहता कामा नये, नाहीतर आयुष्यभर पाठीला टोचती. वरून दुसरं लुगडं. मग कडेकडेनं धावदोरा आत आत घेत जायचं. आमची आई शिवायला बसली की चार बायका आपोआप येऊन चार कडेला बसायच्या. वाकळ होईस्तोवर सगळ्या गावाची लफडी कळायची. एकटीनं शिवलीत तर महिना लागंल.

मी थंडीत अंगावर घेतो तेव्हा अजून सांगू शकतो, हा तुकडा माझ्या चौथीच्या शर्टाचा.

राईन_काठची

हे वाचून रडू आलं ऑफिसमध्ये. इथल्या रजया पिसांच्या आहेत, वजनच नाही त्यांना, अंगावर काही घेतलंय असं वाटतच नाही.

हिरवी_चटणी

आकाशकंदिलाची खळ कोणाला आठवतेय का प्रमाणासकट? मुलाला शाळेत करायचाय. शुक्रवारपर्यंत.

गच्चीवरचा

मैदा दोन चमचे, पाणी पेलाभर, आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडा मग मंद आचेवर ढवळत राहा, पारदर्शक झाली की उतरवा. आम्ही चिमूटभर मोरचूद घालायचो, झुरळं कागद खात नाहीत. पण ते विषारी असतं, शाळेच्या कंदिलाला नको. पतंगी कागद असेल तर खळ अगदी पातळ लावा, नाहीतर रंग सुटतो.

हिरवी_चटणी

धन्यवाद दादा. बांबूच्या काड्या पण फुलवाल्याकडे मिळाल्या.

मांडवीकाठ

माझं माहेर गोव्याचं. जुन्या घराच्या खिडक्यांना काचेच्या जागी शिंपले असायचे, चपटे, चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांत बसवलेले. ऊन आत येताना दुधासारखं होऊन यायचं. घर पाडलं तेव्हा भावानं एक अख्खी झडप वाचवली, बाकी डम्परमध्ये. ती मी ठाण्याच्या फ्लॅटमध्ये आणली. बसवणार कुठे? सुतार म्हणाला, फेकून द्या. शेवटी तिच्यामागे साडेतीनशे रुपयांची एलईडी पट्टी लावली आणि पॅसेजमध्ये उभी केली. तीन शिंपले फुटलेले आहेत, तिथे ट्रेसिंग पेपर चिकटवलाय. रात्री पाणी प्यायला उठलं की क्षणभर आजीच्या घरात असल्यासारखं वाटतं. मग फ्रिजचा आवाज येतो.

पिवळा_डांबिस

आमच्या सौ.नी बाटल्या रंगवून, सुतळी गुंडाळून त्यात मनीप्लांट लावलेत. एकूण बाटल्या तेवीस. शेजाऱ्यांना वाटतं रिकाम्या मी केल्या.

तुरटी

त्यांना म्हणावं पाणी आठवड्याला बदला, डेंग्यूचे डास स्वच्छ पाण्यातही वाढतात. आमच्याकडे पालिकेवाले तपासणीला आले तेव्हा सगळ्यात आधी मनीप्लांटच बघितले.

पिवळा_डांबिस

बदलतो. म्हणजे मीच बदलतो. दर रविवारी तेवीस बाटल्या. सजावट त्यांची, बजेट माझं, पाणी पण माझंच.

पोटमाळा

आले मी. शिफ्टिंग झालं, अजून सतरा खोकी बंद आहेत. तुमचं सगळं भिंतीला टेकून एका दमात वाचलं. (पाठ पांढरी झाली नाही.)

तोरण आलं नीट. म्हणजे जवळजवळ. एक सर टेम्पोत तुटली, सात कड्या गेल्या. नवीन घरमालक खिळा मारू देत नाहीत, ड्रिल तर नाहीच. शेवटी बेडरूमच्या दारात तो आवळून बसवायचा स्प्रिंगचा रॉड लावला आणि त्यावर टांगलं. वारा आला की वाजतं. लेक म्हणते, "आई, हे रात्री काढून ठेवशील का?"

काल मेणबत्ती घेऊन बसले होते. वाकतच नाही काच, मध्येच तडकते. पहिल्या तीन गेल्या. कोणाला येतं का?

भाकरतुकडा

एकदम ज्योतीत धरू नका. आधी वरून शेक द्या सावकाश, मग खाली आणा. पंखा बंद.

गोधडीवाली_नात

माझ्याकडे हळदीचा चुडा आहे, चार-पाच वाढल्यात. तुम्ही पुण्याला याल तेव्हा देते. हिरव्या चालतील ना?

पोटमाळा

हिरव्याच हव्यात. एखादी लाल असली तर बघा.