'मानवी चूक' लिहून फाइल बंद करायची का?

खटपटी :
अपघात झाला की बातमी ठरलेली: 'मानवी चुकीमुळे'. माझ्या मते चौकशी तिथून सुरू व्हायला हवी. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बर धडधाकट उतरायचे आणि मग धावपट्टीवर पोटावर बसायचे. वैमानिक फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या फळ्या) मिटायला जायचे अन् चाकंच आत घ्यायचे. मानसशास्त्रज्ञ अल्फान्स चॅपानिसने कॉकपिट बघितलं, तर दोन्ही खटके शेजारीशेजारी, हाताला सारखेच. त्याने चाकांच्या खटक्याला छोटं रबरी चाक लावलं, फ्लॅपच्या खटक्याला पाचर. प्रकार थांबला.

आडमुठा :
छान गोष्ट. पण बहुतेक वैमानिक त्याच खटक्यांनी नीट उतरत होते ना? उद्या जो तो म्हणेल, 'बटण चुकीच्या जागी होतं.' मोबाइल बघत गाडी ठोकणाऱ्यालाही सोडायचं का? शिवाय सगळं यंत्राने सांभाळलं की माणूस मठ्ठ होतो, ते वेगळंच.

खटपटी :
सोडा कुठे म्हटलं? अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राचा अपघात घ्या, १९७९. झडप उघडीच अडकली होती, पॅनेलवरचा दिवा मात्र विझलेला, म्हणजे झडप बंद असल्यासारखा. तो दिवा फक्त 'बंद हो' हा आदेश गेला की नाही, एवढंच दाखवायचा. झडप खरंच मिटली का, ते नाही. कर्मचाऱ्यांनी दिव्यावर विश्वास ठेवला. हे मठ्ठ?

काठावरचा :
आडमुठांच्या शेवटच्या वाक्यात दम आहे, बाकी जाऊ दे. मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच मांडलंय: सोपं काम यंत्र उचलतं, अवघड तेवढं माणसाला उरतं, तेही हाताची सवय मोडल्यावर. एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या विमानाचा अपघात बघा, २००९. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ, ऑटोपायलट सुटला, आणि सहवैमानिक नाक वर ओढत राहिला. २२८ माणसं गेली.

आडमुठा :
नाक फार वर गेलं की पंखांची उचल सुटते, तो स्टॉल. स्टॉलमध्ये नाक खाली करायचं, हे शिकाऊलाही कळतं!

खटपटी :
थांबा. वेगाचे आकडे इतके खाली आले की संगणकाने ते बाद धरले आणि स्टॉलचा इशारा गप्प झाला. नाक जरा खाली केलं की आकडे पुन्हा ग्राह्य, इशारा पुन्हा चालू. म्हणजे बरोबर केलं की ओरडा, चुकलं की शांतता. अशाने माणूस काय शिकणार?

आडमुठा :
हे वाईटच, मान्य. पण त्याआधी तोच इशारा सलग ५४ सेकंद बोंबलत होता. तेव्हा कुठलं डिझाइन आडवं आलं?

काठावरचा :
ताणात कान बंद होतात, ते एक. दुसरं म्हणजे ते विमान एअरबसचं, आणि त्यात दोन वैमानिकांच्या विमान वळवायच्या कांड्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. एक जण ओढतोय हे शेजारच्याच्या हाताला कळतच नाही.

आडमुठा :
मग जोडा की कांड्या, माझी ना नाही. पण इतक्या उंचावर, ऑटोपायलटशिवाय, हाताने विमान उडवायचा सराव आधी द्या. तो कुठल्या खटक्यात बसवणार?